अतिदक्षता विभागात आमची खुर्ची

माणूस किती बरा झाला असं विचारलं, की आमच्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात त्या काळी तीनच उत्तरं मिळायची: 'बरं आहे', 'ठीक आहे' आणि 'बघू'. त्यातलं 'ठीक आहे' हे 'बरं आहे'च्या वरचं की खालचं, यावर बाहेरच्या बाकांवर नातेवाइकांचा तासन्‌तास खल चाले. मी तिथे फिजिओथेरपिस्ट होतो. निदान माझ्या पदवीच्या कागदावर तसं छापलेलं होतं. नातेवाईक मला 'ते मालिशवाले' म्हणत, डॉक्टर 'अहो, ते' म्हणत, आणि आमच्या इमारतीतले शेजारी जिन्यात अडवून मान पुढे करत, "जरा बघता का हो, कालपासून धरलीय." निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तरी तो स्पिरिटचा वास कुठे आला की मला आजार आठवत नाहीत, आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची आठवते.

खुर्चीचं कारण झाला एक तक्ता. कुठल्याशा प्रशिक्षणाला आमच्याकडून एक तरुण डॉक्टर जाणार होते. ऐन वेळी त्यांना कांजिण्या झाल्या आणि जागा वाया जाऊ नये म्हणून मला पाठवलं. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला मला उभं करून विचारलं, "तुमचा पेशंट काल उठून बसला म्हणता. बसला, की तुम्ही बसवला?" मी या कामात केस पांढरे करायला घेतले होते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बाईंनी मग तो तक्ता दाखवला. कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला बसणं, खुर्चीतून उठणं, जागच्या जागी पावलं टाकणं. प्रत्येकाला शून्यापासून वर मार्क, आणि कोणत्या मार्काला नेमकं काय जमायला हवं ते साध्या वाक्यात लिहिलेलं. कुणीही मोजलं तरी उत्तर एकच यावं, एवढाच त्याचा हट्ट. मी त्या तक्त्याच्या प्रेमात पडलो. त्या वयात माणसं दुसऱ्या कशाकशाच्या प्रेमात पडतात, पण मला हेच जमलं.

परत आल्यावर तक्ता घेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिलो. मोठे डॉक्टर विभागाचे प्रमुख. ते माणसाकडे चष्म्याच्या वरून बघत आणि कागदाकडे चष्म्यातून.

"यात नवीन काय?"

"सर, तुमचं 'ठीक' आणि माझं 'ठीक' एकच आहे का, ते यात कळतं."

"माझं ठीक तेच ठीक," मोठे डॉक्टर म्हणाले. मग बहुधा माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "करून बघा काही दिवस. नंतर मी एक पेशंट निवडेन. तुम्ही आणि मोठ्या सिस्टर, दोघांनी वेगवेगळं मोजायचं. मार्क सारखे आले तर तक्ता राहील. नाही आले तर तो घरी न्या आणि मुलांना भूमिती शिकवा."

मोठ्या सिस्टर हे ऐकून गालात हसल्या, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. या बाई म्हणजे विभागाचा कणा. आवाज असा की बेशुद्ध पेशंटसुद्धा अंग आवरून घेई, आणि मन इतकं मऊ की कुणाला शून्य देणं त्यांच्या हातून होईचना. मी पहिल्या आठवड्यातले कागद तपासले तर सिस्टरांच्या हाताखाली अख्खा विभाग पहिल्या श्रेणीत पास. ज्या आजोबांना मी मान उचलताना पाहिलं नव्हतं, त्यांना पलंगाच्या कडेला बसण्याचे मार्क.

"सिस्टर, हे बसले?"

"बसणारच होते हो. इतका जीव टाकत होते बिचारे."

"प्रयत्नाला मार्क नाहीत यात."

"का नाहीत?" सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ज्याने हा तक्ता केला, त्याच्या आईने कधी त्याला उगाच शाबासकी दिली नाही वाटतं?"

शिकाऊ डॉक्टरांची तऱ्हा उलटी. ते दारातूनच पेशंटकडे नजर टाकून सगळीकडे शून्य लिहून मोकळे होत, म्हणजे पलंगापर्यंत जायला नको. एकाच माणसाला सकाळी शून्य, दुपारी सिस्टरांची ड्युटी लागली की पैकीच्या पैकी, आणि संध्याकाळी मी मोजलं की मधलं काहीतरी. कुणी नुसते कागद वाचले असते तर त्याला वाटलं असतं, हा पेशंट जेवणाआधी मरतो आणि जेवल्यावर उठून फिरतो.

त्यातही खुर्चीतून उठण्याचा प्रकार माझ्याही हाताबाहेर गेला. मी स्वतः, इमानेइतबारे, एकाच बाईंना एका दिवशी पूर्ण मार्क दिले आणि दुसऱ्या दिवशी शून्य. रात्रभर तळमळलो. मग ट्यूब पेटली. पहिल्या दिवशी बाई उंच लोखंडी स्टुलावरून उठल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्लास्टिकच्या अशा खुर्चीत बसवलं होतं की तिच्यात बसलेला धडधाकट माणूससुद्धा आत रुतून बसे. आमच्या विभागात दोन खुर्च्या एका उंचीच्या नव्हत्या. तक्ता प्रमाणित, पेशंट तोच, आणि मी मोजत होतो खुर्च्या.

तेव्हा मी स्टोअरकडे अर्ज केला. बिनहातांची, कडक बैठकीची, अमुक उंचीची एक खुर्ची, अतिदक्षता विभागातील रुग्णांकरिता. स्टोअरकीपर सज्जन माणूस होते. त्यांनी मला बसवलं, चहा पाजला आणि अर्ज परत केला.

"मंजूर यादीत अतिदक्षता विभागाला रुग्णांसाठी पलंग आहे. खुर्ची नाही."

"पण पेशंटला खुर्चीत बसवायचंय."

"पेशंट खुर्चीत बसण्याइतका बरा असेल," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "तर तो अतिदक्षता विभागात कशाला? आणि तो तिथे असेल, तर खुर्ची कशाला? वरून शेरा येईल हो. मला उत्तर द्यावं लागेल."

मी परत येताना दोन जिने उतरेपर्यंत विचार केला. त्यांच्या बोलण्यात मला कुठे फट सापडली नाही.

मग मी घरी गेलो आणि टेप घेऊन आमच्या फर्निचरच्या मागे लागलो. बायको दारात उभी राहून बघत होती. पलंग झाला, वेताचा ठेंगणा मोडा झाला, मुलांच्या अभ्यासाचं बाकडं झालं. शेवटी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला टेप लावली आणि माझ्या तोंडून आनंदाने किंकाळीच निघाली. बरोबर तेवढी उंची! हात नाहीत, बैठक कडक, पाय घट्ट. प्रशिक्षणातल्या बाईंनी पाहिली असती तर तिला ओवाळलं असतं. चार खुर्च्या आणि टेबल, सासूबाईंनी आम्हाला घर मांडताना दिलेला संच.

"अहो, घरात माणसं चार आहेत," बायको म्हणाली.

"काही दिवसांचाच प्रश्न आहे."

"मागे सायकलचा पंप नेलात तोही काही दिवसांसाठीच होता."

खुर्ची स्कूटरवर बांधायचं काम वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरकाकांनी स्वतःहून अंगावर घेतलं. निवृत्त झाल्यापासून ते अशा संधीच्या शोधातच असत. खुर्ची उलटी बांधावी की आडवी, यावर त्यांनी भाराच्या केंद्राविषयी एक व्याख्यान दिलं. समोरच्या वहिनींचं म्हणणं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्टुलाचे पाय कापून घ्यावेत. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, पेशंटला घरीच आणत जा. एवढी मंडळी जमली आहेत तर सराव करून घ्यावा, असं माझ्या मनात आलं आणि मी चूक केली. इंजिनियरकाकांना म्हटलं, "हात छातीशी घ्या आणि जरा उठून दाखवा." काका दोनदा पुढे झुकले, दोनदा मागे आले आणि तिसऱ्या वेळी वहिनींचा खांदा धरून उठले. लगेच इंजिनियरकाकूंना बसवलं, तर त्या ताडकन उठल्या. वर "त्यात काय?" असंही म्हणाल्या. इंजिनियरकाकांनी पुढचे कितीतरी दिवस जिन्यात माझ्याशी बोलणं टाकलं. खुर्ची उतारावर ठेवली होती, हे त्यांचं मत अखेरपर्यंत कायम राहिलं.

घरी मी मोड्यावर बसून जेवू लागलो. टेबलाच्या कडेला माझी हनुवटी येई आणि मुलं मला ताट दिसतंय का विचारत. अशातच सासूबाई राहायला आल्या. आल्या आल्या त्यांची नजर टेबलावरून फिरली.

"जावईबापू, चौथी खुर्ची कुठाय?"

"अतिदक्षता विभागात आहे."

"अगंबाई!" सासूबाई मटकन बसल्या. "काय झालं तिला?"

खुर्ची इस्पितळात पोचली तरी तिचे भोग संपले नाहीत. आठवड्याभरात स्टोअरचा माणूस आला, ही कोणत्या यादीतली म्हणून हळहळला, आणि बेवारस नको म्हणून तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने डेड स्टॉकचा नंबर घालून गेला. म्हणजे आता ती इस्पितळाची झाली. मी ती घरी नेली असती तर माझ्यावर चोरीचा आळ आला असता. शिवाय अशी टणक, सरळ पाठीची खुर्ची अख्ख्या इमारतीत दुसरी नव्हती. त्यामुळे तिला मागणी फार. कधी ती फाटकावर पहारेकऱ्याखाली सापडे, तर कधी औषधांच्या खिडकीत. माझी अर्धी नोकरी त्या महिन्यात खुर्ची शोधण्यात गेली.

आणि बाहेरच्या बाकांवर वेगळीच धमाल चालली होती. मार्क मिळतात हे नातेवाइकांना कळलं होतं. "आमच्या मामांचं काल एकाने वाढलं." "आमच्या आत्याबाई बसण्यात पास झाल्या, आता वळण्यात राहिल्यात." एका पेशंटच्या भावाने मला कोपऱ्यात घेऊन अतिशय अदबीने विचारलं की थोडं बघता येईल का. कार्यालयातल्या एका साहेबांचा फोन आला, त्यांच्या मेव्हण्याचे सासरे आमच्याकडे होते. खुर्चीतून उठण्यासाठी वशिला लावलेला माणूस मी त्यापूर्वी आणि त्यानंतर पाहिला नाही. हसू यायचं तेव्हा, राग यायचा. आता वाटतं, किती दिवस ती माणसं त्या बाकांवर नुसत्या 'बघू'वर बसून होती! त्यांना हातात धरायला काहीतरी मिळालं होतं.

याच सुमारास पंचकाका आले.

त्यांची नोकरी पोस्टातली होती, पण सगळे त्यांना ओळखत ते व्हॉलीबॉलचे पंच म्हणून. फुप्फुसाच्या आजाराने आले आणि बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर होते. अशा माणसाचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं: आजार जातो, पण जाताना हातापायातली ताकद घेऊन जातो. गळ्यात नळी असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी आणि मोठ्या सिस्टरांनी मिळून त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं आणि परत उशीवर टेकवलं. सिस्टर "वा, वा, छान!" म्हणत मार्क लिहायला लागल्या, तोच पंचकाकांनी तळवा वर करून हात हळूहळू उचलला. सिस्टरांना वाटलं, उशाकडची बाजू वर हवी. त्यांनी पलंगाचा दांडा फिरवला. पंचकाकांनी पुन्हा हात उचलला. सिस्टरांनी आणखी फिरवला. हात आणखी जोरात वर. पंचकाका जवळजवळ काटकोनात आले, तेव्हा त्यांच्या बायको, म्हणजे काकू, धावत आल्या.

"अहो सिस्टर, थांबा! ते 'धरला' म्हणतायत."

"काय धरलं?"

"खेळात बॉल मारायच्या ऐवजी हातात धरला, की पंच अशी खूण करतात. तुम्ही दोघांनी त्यांना धरलंत ना? म्हणून मार्क नाही म्हणतायत."

सिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या दिवसापासून पंचकाकांच्या पलंगाशी त्या वाढीव मार्क द्यायला गेल्या, की हात वर. आयुष्यात पहिल्यांदा मला असा पेशंट भेटला होता, जो मार्क कमी करून घेण्यासाठी भांडत होता. मी तर हरखून गेलो. काकू हसायच्या. घरीही असेच आहेत, म्हणायच्या. दोन्ही संघ चिडायचे, पण मैदानात बोलावणं यांनाच यायचं.

हळूहळू नळी निघाली. आवाज घोगरा का होईना, परत आला. मग एके दिवशी मोठे डॉक्टर पलंगापाशी थांबले आणि म्हणाले, "हाच पेशंट. शुक्रवारी मोजा. फक्त खुर्चीतून उठणं." मी तक्त्यातलं ते पान पुन्हा वाचून काढलं. पण माझा तक्ता राहतो की जातो, एवढ्यावर ते भागणार नव्हतं. मला ते त्याच संध्याकाळी कळलं.

पंचकाकांची मुलगी दूरच्या शहरातून रजा काढून आली होती. रजा संपत आली होती. तिने मला व्हरांड्यात गाठलं.

"मला 'ठीक आहे' ऐकून ऐकून कंटाळा आलाय. तुम्ही नीट मोजता म्हणे. बाबा आपले आपण उठले, तर वॉर्डातून घरी जाऊ देत, आई आहे. नाही उठले, तर मी दोघांना माझ्याकडे घेऊन जाते. घर बंद करायचं. आईला एकटीला हे झेपणार नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. काकू तिच्या मागेच उभ्या होत्या. मुलगी औषधं आणायला गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "हिच्याकडे सगळं आहे हो. पण हिच्या खिडकीतून समोरची खिडकी दिसते. माझ्या खिडकीतून मैदान दिसतं. यांची शिट्टी ऐकू आली की मी भात टाकायची. संसार असाच केला मी." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमच्या हातात आहे ना ते?" माझ्या हातात काही नव्हतं. आणि मोठ्या सिस्टर माझ्यामागे उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. त्यांना मी चांगला ओळखत होतो. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

शुक्रवारी सकाळी खुर्ची नाही.

फाटकावर नाही, औषधांच्या खिडकीत नाही. पहारेकऱ्याने सांगितलं, वरून तपासणी पथक आलंय, अधीक्षकांच्या खोलीत बसायला एक कमी पडली म्हणून नेली. मी धावत वर गेलो. दाराच्या फटीतून बघतो तर आमच्या सासूबाईंच्या खुर्चीवर पथकातले सगळ्यांत मोठे साहेब पाय पसरून बसलेले आणि स्टोअरकीपर त्यांच्यापुढे मंजूर यादी धरून उभे. दुसऱ्या खुर्चीवर मोजता येणार नव्हतं, कारण पंचकाकांचा सगळा सराव हिच्यावर झाला होता. आत जायची माझी छाती होईना. मी दारात घाम पुसत असताना मोठ्या सिस्टर आल्या, मला कोपराने बाजूला सारलं आणि सरळ आत गेल्या.

"साहेब, एवढी खुर्ची लागेल. पेशंटची आहे." साहेबांच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा सिस्टर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आमचे सगळे पेशंट हिच्यावर बसतात. आज अजून पुसायची राहिलीय."

साहेब उठले. हातांचा आधार न घेता, एका झटक्यात, एकही पाऊल न अडखळता. मी मनातल्या मनात त्यांना पूर्ण मार्क दिले.

खुर्ची पुसून पंचकाकांच्या पलंगाशेजारी ठेवली. मोठे डॉक्टर पाठीमागे हात बांधून उभे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सिस्टर, दोघांच्या हातात एकेक कागद. पलंगाच्या पायथ्याशी काकू आणि मुलगी. मी काकूंना बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. अगदी पडतील असं वाटलं तरी आम्ही आहोत." काकूंनी मान हलवली.

पंचकाकांनी हात छातीशी घेतले. पुढे झुकले. ते झुकले तशा काकूही झुकल्या, त्यांना स्वतःला कळलं नसावं. पंचकाका वर आले, अर्ध्यावर आले, आणि तिथे अडले. गुडघे थरथरायला लागले. त्याच क्षणी काकूंचा हात पुढे गेला. नको म्हणून सांगितलेलं होतं, त्यांना हवं होतं तेही नेमकं उलट होतं, तरी गेला. पंचकाकांनी तो धरला आणि उभे राहिले.



"लिहा," मोठे डॉक्टर म्हणाले.

मी आणि सिस्टर पाठीला पाठ लावून उभे राहिलो. पाहिलं तेच लिहायचं, एवढं सोपं काम. पण सिस्टर काय लिहिणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी खरं लिहिलं तर मार्क जुळणार नव्हते आणि तक्ता जाणार होता, काकूंचं घर बंद होणार ते वेगळंच. मी पूर्ण मार्क लिहिले तर मार्क जुळणार, तक्ता राहणार, मैदान राहणार, आणि सगळे टाळ्या वाजवणार. दोघांनी मिळून खोटं लिहिलं की ते प्रमाणित होतं, ही शक्यता त्या प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. मी पंचकाकांकडे पाहिलं. ते खुर्चीत परत टेकले होते, धापा टाकत होते, आणि माझ्याकडे बघत नव्हते. कसलीही खूण करत नव्हते. मी पाहिलं तेच लिहिलं.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कागद घेतले. एक वाचला, दुसरा वाचला, चष्मा काढला.

"सारखे आहेत," ते म्हणाले. "दोघांनीही पूर्ण दिलेले नाहीत."

मी गर्रकन वळून सिस्टरांकडे पाहिलं. त्या रडत होत्या.

"मला वाटलं, तुम्ही तरी द्याल," त्या मला म्हणाल्या. "माझा हात उठेना हो. रोज ते माझ्यावर हात वर करत होते. आज नाही केला, तर मलाच लाज वाटली."

"तक्ता राहू द्या," मोठे डॉक्टर म्हणाले आणि कागद तिथेच पलंगावर टाकून पुढच्या पलंगाकडे गेले. हे तीन शब्द ऐकायला मी महिनाभर धावलो होतो, मोड्यावर जेवलो होतो, शेजाऱ्यांशी बोलणं तोडून घेतलं होतं. ते ऐकू आले तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कारण काकू आपल्या हाताकडे बघत उभ्या होत्या.

"माझ्यामुळे गेला मार्क," त्या म्हणाल्या. "मी मध्ये हात घातला नसता तर उठले असते आपले आपण."

"नसतीस तर खाली बसलो असतो," पंचकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग दम घेऊन, "त्यांनी बरोबर लिहिलंय."

मुलीने पलंगावर पडलेला कागद उचलला. मार्कासमोर छापलेलं वाक्य तिने मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं: "एका माणसाच्या थोड्या आधाराने खुर्चीतून उठतो." तिने मान वर करून मला विचारलं, "एवढंच? एक माणूस, आणि तोही थोडाच आधार?"

"आज एवढंच," मी म्हणालो. "पुढे तोही लागणार नाही कदाचित. ते आज सांगता येणार नाही."

"मला वाटत होतं, एक तर उठतात, नाहीतर उठत नाहीत." तिने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. "एक माणूस तर घरात आहे," ती म्हणाली. "आई, तू आहेस."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, पंचकाकांकडे पाहिलं. मग हातरुमालाने चेहरा खसखसून पुसला आणि मोठ्या सिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "मग मला शिकवा. कुठे धरायचं ते."

ते दोघं पुढे त्याच घरात राहिले. मैदानावरून जाताना मी वर बघत असे, आणि बहुतेक वेळा खिडकीत दोन डोकी दिसत. आता तिथे दुसरी माणसं राहतात. सिस्टर गेल्या, मोठे डॉक्टर गेले, अतिदक्षता विभागात आता बटणावर वर-खाली होणाऱ्या खुर्च्या आहेत म्हणे. त्या सगळ्यांची फार आठवण येते, आणि सगळ्यांत जास्त येते ती त्या शुक्रवारच्या दुपारची. मी खुर्चीत बसलो, हात छातीशी घेतले आणि पेशंट झालो. सिस्टरांनी काकूंना दाखवलं: दंड ओढायचा नाही, एक हात कमरेमागे, दुसरा कोपराखाली. काकूंनी मला पहिल्याच फटक्यात असं उचललं की मी समोरच्या पलंगावर जाऊन आदळणार होतो. दुसऱ्या खेपेलाही तेच.

"अगं," पंचकाका पलंगावरून म्हणाले, "त्याला आधी उठू तर दे."

तिसऱ्या खेपेला काकूंनी हात माझ्या कोपराखाली नुसता धरून ठेवला, न लावता, आणि मी कुठे अडतो याची वाट बघत त्या शांत उभ्या राहिल्या.